गुरुवारचं पत्रक

दर गुरुवारी चारच्या आत
सात वसतिगृहांना पत्रक जायला हवं.
बावीस वर्षं मीच लिहिते. मार्लिस लेहतो, गृहव्यवस्था विभाग, डुलूथ.
खिडकीबाहेर सरोवर गोठायच्या बेतात,
टेबलावर सकाळची कॉफी, तवंग धरलेली.

बातमी पहिली.
पुढल्या वर्षी खोलीभाडं चार टक्क्यांनी वाढेल.
‘वाढेल’ खोडते. ‘सुधारित दर’ लिहावं
असा वरून निरोप आहे.

दुसरी. मुलं जास्त, खाटा कमी,
तेव्हा दोघांच्या खोलीत तिसरी खाट.
कृपया मुलांना ‘समायोजन’ हा शब्द समजावून सांगावा.
खाटेला चाकं असली तरी भिंत सरकत नाही,
हे मी लिहीत नाही.

तिसरी. ओल्सन हॉलमध्ये पहाटे पावणेतीनला
आगीची घंटा. कारण पॉपकॉर्न.
या महिन्यात चौथ्यांदा पॉपकॉर्न.
तीनशे मुलं पायजम्यात, बर्फावर, एका पायावरून दुसऱ्या पायावर.
एकीच्या खांद्यावर ससा होता,
डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, कायदेशीर.
एकाच्या हुडीतून हेजहॉगचं नाक बाहेर आलं,
विनापरवाना.
मी त्या वेळी आकाशात काहीतरी शोधत होते.

चौथी.
थँक्सगिव्हिंगसाठी सगळे हॉल बुधवारी दुपारी बाराला बंद.
खिडक्या लावा, कचरा काढा, फ्रीज उघडे ठेवा.
दरवर्षी हेच चार शब्द, नुसती तारीख बदलायची.

इथे माझा हात थांबतो.

गेल्या वर्षी त्याच गुरुवारी
नळ गोठलेत का बघायला मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उतरले,
तर तळघरातला ड्रायर चालू.
आत कपडे नाहीत. रिकामाच फिरतोय.
आणि त्याला पाठ टेकून ब्रॉडी विट्कोव्स्की, खोली ३१८,
मांडीवर रसायनशास्त्र.
त्याने आधी पैसेच पुढे केले,
ड्रायरचे, पावणेदोन डॉलर, नाणी मोजून.

नियम मला पाठ आहे. मीच टाइप केलाय.
सुरक्षा विभागाला फोन, दिवसाला पन्नास डॉलर दंड.
मी विचारलं, घरी का नाही गेलास?
तो म्हणाला, एप्रिलमध्ये अठरा पूर्ण झाली ना.
जणू मी वाढदिवस विसरले होते.
पालक-कुटुंबाला सरकारकडून पैसे येतात
ते अठरापर्यंत. पुढे त्यांच्याकडे दुसरं मूल आलं,
त्याच पलंगावर.

मग फॉर्म काढून पाहिला.
‘कायमचा पत्ता’ या रकान्यात
त्याने आमच्याच हॉलचा पत्ता लिहिला होता,
पिनकोडसकट, सुवाच्य.
ऑगस्टमध्ये कुणीतरी त्यावर शिक्का मारला होता.
सही माझी.

त्या दिवशी आम्ही गोठवलेला लझानिया खाल्ला,
कडेने जळलेला, मधे थंड.
टीव्हीवर फुटबॉल, आवाज बंद.
फार बोललो नाही. त्याने भांडी घासली,
मी नको म्हटलं नाही.

सोमवारी बैठकीत विषय काढला.
वेड किम्बलने विचारलं, अशी मुलं किती?
माहीत नाही म्हटलं. आपल्याकडे तो रकानाच नाही.
मग अकरा महिने, तीन समित्या,
एक पाहणी, तिचा अहवाल, अहवालावर पाहणी,
आणि विमा कंपनीचा माणूस,
ज्याने चार वेळा विचारलं की ड्रायर कुणाच्या मालकीचा.

म्हणून बातमी पाचवी, यंदाची, नवी.
सीडर हॉलचा तळमजला सुट्टीत उघडा राहील.
हीटर चालू. शुल्क नाही.
कारण विचारू नये.
‘कृपया’ घालावं का, यावर मी दहा मिनिटं घालवली.
नाही घातलं.

आणि हो, नवे फॉर्म छापून आलेत.
‘कायमचा पत्ता’च्या पुढे एक शब्द वाढलाय: ‘असल्यास’.
समितीला वाटलं, छपाईची चूक आहे.
मी वाटू दिलं.

तीन वाजून एक्कावन्न. पाठवलं.
दोनच मिनिटांत ओल्सन हॉलचं उत्तर:
बातम्या मिळाल्या, आभार.
हेजहॉगचं काय करायचं?